किंगाइत: चित्रांवर उभी राहिलेली सहकारी संस्था

कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन नावाचं प्रचंड बेट आहे. त्याच्या नैऋत्य टोकाला लागून एक लहानसं बेट आहे आणि त्यावर किंगाइत हे गाव. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १,३९६ होती. बहुतेक सगळे इनुइट, म्हणजे पूर्वी ज्यांना एस्किमो म्हणत ते उत्तर ध्रुवाकडचे मूळ रहिवासी. बाहेरून गावात येणारा रस्ता नाही. माणसं नुनावुत प्रदेशाची राजधानी इकालुइत इथून विमानानं येतात. इंधन, घरबांधणीचं सामान, गाड्या असं जड काही असेल तर उन्हाळ्यात समुद्र मोकळा होण्याची आणि जहाजाची वाट पाहायची. २०२० मध्ये सरकारी कागदांवर किंगाइत हे नाव आलं. त्याआधी ते केप डॉर्सेट होतं आणि चित्रांचे जुने संग्राहक आजही बऱ्याचदा तेच नाव घेतात.

२००१ च्या जनगणनेचे आकडे घेऊन केलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की इथल्या काम करणाऱ्या लोकांपैकी सुमारे २३ टक्के लोकांचा व्यवसाय कला हा होता. टोरंटो, माँट्रियल, व्हँकुव्हर यांपैकी कोणतंही शहर या प्रमाणाच्या जवळपास येत नाही. चित्रं विकत घेणारा धनिक संग्राहक गावात एकही नाही. गिऱ्हाईक हजारो किलोमीटर दक्षिणेला, आणि तरीही १९५९ पासून इथल्या मुद्राचित्रांचा, म्हणजे कोरलेल्या ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांचा, वार्षिक संग्रह निघतो आहे. इथल्या चित्रकारांची कामं टपाल तिकिटावर, नाण्यावर, नोटेवर आणि व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पोहोचली.

हे कसं झालं, असं विचारलं की एक उत्तर लगेच मिळतं: इनुइट लोकांच्या रक्तातच कला आहे. हे उत्तर मला पटत नाही. रक्ताचाच प्रश्न असता तर उत्तरेतल्या सगळ्याच वस्त्यांची गोष्ट सारखी झाली असती. पुविर्निटुक, उलुखाकतोक, बेकर लेक, पांगनिर्तुंग इथेही मुद्राचित्रांच्या कार्यशाळा निघाल्या. तिथेही उत्तम चित्रकार होते. त्यातल्या काही बंद पडल्या, काही थांबत थांबत चालल्या. किंगाइतची चालत राहिली. फरक कौशल्याचा नाही. चित्र काढणारा हात आणि लांबचं गिऱ्हाईक यांच्यामध्ये कोण उभं आहे आणि ते कोणाच्या मालकीचं आहे, हा फरक आहे. या प्रकरणात तेच बारकाईनं पाहायचं आहे.

कोल्ह्याच्या कातड्यावरचं जगणं

१९१३ मध्ये हडसन्स बे कंपनीनं इथे व्यापारी ठाणं उघडलं. तेव्हा इनुइट कुटुंबं गावात राहत नव्हती. किनाऱ्यावर विखुरलेल्या मुक्कामांवर राहून शिकार करत होती. पांढऱ्या ध्रुवीय कोल्ह्याचं कातडं ठाण्यावर द्यायचं आणि बदल्यात बंदुकीच्या गोळ्या, पीठ, चहा, साखर, तंबाखू न्यायचं, असा व्यवहार. भाव कंपनी ठरवायची, माल कंपनीचा आणि उधारीची वहीही कंपनीची. युरोप-अमेरिकेत फरच्या कोटांची फॅशन असेपर्यंत हे चाललं. १९४० च्या दशकाच्या अखेरीला कातड्यांचे भाव कोसळले आणि एकाच खरेदीदारावर अवलंबून असलेली ही सगळी माणसं अडचणीत आली. पुढच्या काळात शाळा, दवाखाना, सरकारी मदत यांच्यासाठी कुटुंबं एकेक करून वस्तीत आली. त्यात सरकारचा दबावही होता. जमिनीवरची शिकार मागे पडली आणि वस्तीत रोजगार नव्हता.

याच काळात जेम्स ह्यूस्टन हा टोरंटोचा चित्रकार उत्तरेत फिरत होता. १९४८ मध्ये तो हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर इनुकजुआकला गेला आणि तिथल्या लोकांनी दगडात कोरलेल्या लहान मूर्ती घेऊन माँट्रियलच्या हस्तकला संस्थेकडे आला. १९४९ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं आणि माल थोड्याच दिवसांत संपला. दक्षिणेत मागणी आहे हे त्यातून कळलं. १९५० च्या दशकात ह्यूस्टन आणि त्याची बायको आल्मा किंगाइतला येऊन राहिले. तो सरकारी अधिकारी म्हणून तिथे होता. आल्मा बायकांच्या शिवणकामाला बाजार मिळवून देण्याच्या खटपटीत होती.

पुढचा प्रसंग ह्यूस्टननंच सांगितलेला आहे. १९५७ च्या हिवाळ्यात ओसुइटोक इपीली हा निष्णात कोरीवकाम करणारा माणूस त्याच्याजवळ बसला होता. सिगारेटच्या दोन पाकिटांवर खलाशाचं अगदी सारखं डोकं छापलेलं पाहून ओसुइटोक म्हणाला, की एकेका पाकिटावर तेच डोकं पुन्हा पुन्हा रंगवत बसणाऱ्या माणसाला फार कंटाळा येत असेल. ह्यूस्टनला छपाई म्हणजे काय हे शब्दांत नीट समजावता येईना. त्यानं ओसुइटोकनंच कोरलेला वॉलरस या समुद्री प्राण्याचा सुळा घेतला, त्यावर शाई चोळली, वर पातळ कागद दाबला आणि उचलून दाखवला. असं आपल्याला करता येईल, हे ओसुइटोकनं तिथल्या तिथे ओळखलं.

प्रसंग छान आहे, पण एवढ्यानं उद्योग उभा राहत नाही. पुढे झालं ते जास्त महत्त्वाचं. पुटुगुक हा त्या भागातल्या एका मुक्कामाचा वजनदार पुढारी होता. त्याचा पाठिंबा मिळाला आणि त्याच्या घरातली तरुण मुलं कामाला लागली. १९५८ च्या अखेरीस पहिले काही प्रयोग विनिपेगमध्ये विकायला ठेवले गेले. त्याच सुमारास ह्यूस्टन जपानला गेला आणि उनइची हिरात्सुका या लाकडी ठशांच्या उस्तादाकडे काही महिने शिकला. तिथून तंत्राबरोबर त्यानं कामाची विभागणीही आणली. जपानी परंपरेत चित्र एकाचं, ठसा कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. किंगाइतला ही पद्धत चपखल बसली. चित्र घरी किंवा मुक्कामावर बसून काढता येतं, तर दगड कोरणं आणि छापणं यासाठी कार्यशाळा लागते. एका चित्रामागे दोन-तीन माणसांना काम मिळालं. सुरुवातीच्या कारागिरांत आयोला किंग्वात्सियाक, लुक्ता कियात्सुक आणि पुटुगुकचे मुलगे इगिवुड्लुक आणि कनांगिनाक हे होते. छापलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद करताना चित्रकाराबरोबर छापणाऱ्याचंही नाव येतं. मला ही प्रथा फार मोलाची वाटते. कारागिराचं नाव पुसून टाकणारे कलेचे बाजार आपण पुष्कळ पाहतो.

संस्था चालते कशी

१९५९ मध्ये वेस्ट बॅफिन एस्किमो को-ऑपरेटिव्ह स्थापन झाली. आता तिच्या नावातून 'एस्किमो' हा शब्द गेला आहे. सभासद गावातलीच माणसं: शिकारी, चित्रकार, मूर्तिकार, त्यांच्या घरचे. निवडून आलेलं संचालक मंडळ इनुइट. कनांगिनाक पुटुगुक हा विशीतला तरुण तिच्या पहिल्या अध्यक्षांपैकी एक.

सहकार म्हटलं की मराठी वाचकाला ऊस आणि दूध आठवतं. सभासद आपला ऊस कारखान्याला घालतो, कारखाना भाव देतो, साखर विकतो, उरलं तर वाटतो. किंगाइतला उसाच्या जागी चित्र आहे. पण ऊस टनावर मोजता येतो, उतारा प्रयोगशाळेत कळतो. चित्राचं तसं नाही. दोन कागद सारख्याच आकाराचे असले तरी एक वर्षाच्या संग्रहात जाईल आणि दुसरा कपाटात पडून राहील. हे कोण ठरवणार आणि कपाटात गेलेल्या कागदाचे पैसे कोण सोसणार? चित्रकारांच्या सहकारी संस्था बहुधा याच ठिकाणी मोडतात.

किंगाइतनं त्यावर काढलेला मार्ग असा. चित्रकार आपलं रेखाटन संस्थेत आणतो. संस्था ते थेट विकत घेते आणि लगेच पैसे देते. पुढे त्या रेखाटनाचं मुद्राचित्र होतं की नाही, झालं तर विकलं जातं की नाही, हा धोका संस्थेचा. मूर्तींचंही तसंच: आणली, पाहिली, भाव ठरला, पैसे हातात. महिनोन्महिने गिऱ्हाईक सापडण्याची वाट बघणं ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी हा फरक आयुष्य बदलणारा आहे. शहरातला होतकरू चित्रकार कलादालनात चित्र ठेवतो आणि विकलं गेलं तर निम्मे पैसे मिळवतो. किंगाइतमधल्या एखाद्या आईला दुपारी मुलं झोपल्यावर काढलेल्या चित्राचे पैसे त्याच आठवड्यात मिळू लागले.

या पद्धतीची किंमतही मोठी होती. न वापरलेल्या रेखाटनांचा ढीग वाढत गेला. दशकांनंतर तो संग्रह लाखाच्या घरात पोहोचला आणि १९९० च्या सुमारास टोरंटोजवळच्या क्लाइनबर्ग इथल्या मॅकमायकल कलासंग्रहालयाकडे दीर्घ मुदतीनं ठेवायला द्यावा लागला. हिशेबाच्या वहीत हा अडकलेला माल. इतिहासाच्या दृष्टीनं तो एका समाजाचं घर, शिकार, स्वप्नं, भीती आणि शामानांच्या, म्हणजे आत्म्यांशी बोलणाऱ्या मांत्रिकांच्या, गोष्टी यांची चित्रवही ठरला. असा संग्रह ठरवून कोणी केला नसता. दर आठवड्याला कागद विकत घेत राहिल्यानं तो झाला.

विक्रीच्या बाजूनं संस्था पहिल्यापासून कडक होती. हजारो रेखाटनांतून वर्षाला मोजकीच निवडायची, अलीकडे साधारण तीस-चाळीस. बहुतेकांच्या ५० प्रती. छापून झालं की ठसा पुन्हा वापरायचा नाही. कागदावर चित्रकाराची आणि छापणाऱ्याची खूण, शिवाय संस्थेची लाल मोहोर. वर्षातून एकदा सूचिपत्र, आणि ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या दिवशी सगळीकडच्या दालनांत एकाच वेळी विक्री. तीस चित्रं धरली तर दीड हजार कागद, बस. मागणी वाढली म्हणून पुन्हा छापायचा मोह टाळणं हे कागदावर सोपं दिसतं. ज्या गावात प्रत्येक डॉलरची गरज आहे तिथे ते कठीण आहे. त्यांनी ते साठ वर्षांहून जास्त पाळलं, आणि संग्राहकांचा विश्वास त्यावर टिकला.

मिळालेला पैसा गावात फिरता राहावा याचीही सोय झाली. संस्थेनं किराणा आणि इतर सामानाचं दुकान काढलं, इंधनपुरवठ्याचं काम घेतलं. पूर्वी एकच कंपनी कातडं घ्यायची आणि तीच पीठ विकायची. आता चित्र घेणारी आणि पीठ विकणारी एक संस्था सभासदांच्या मालकीची होती, आणि नफ्याचा वाटा त्यांच्याकडे परत येत होता. कलेचा व्यवहार मंदीत गेला तरी दुकान चालू असे. कार्यशाळा टिकण्यात या रुक्ष धंद्यांचा वाटा मोठा आहे. चित्रांबद्दल लिहिणारे त्याकडे सहसा वळत नाहीत.

तिसरी गोष्ट माणसांची. ह्यूस्टन १९६२ मध्ये उत्तर सोडून न्यूयॉर्कला गेला. अशा वेळी संस्थापकाबरोबर संस्थाही जाते. पण १९६० मध्ये टेरी रायन नावाचा टोरंटोत कला शिकलेला तरुण तिथे मदतनीस म्हणून आला होता. तो व्यवस्थापक झाला आणि पुढची सुमारे चाळीस वर्षं तिथेच राहिला. तांब्यावरचं कोरीवकाम साठच्या दशकात सुरू झालं, शिळाछापाची (लिथोग्राफीची) यंत्रं सत्तरच्या दशकात आली, आणि १९७८ मध्ये टोरंटोत डॉर्सेट फाइन आर्ट्स हे संस्थेचं स्वतःचं विक्री कार्यालय निघालं. या शेवटच्या निर्णयाला मी सगळ्यात वरचं स्थान देईन. संस्थेनं माल घाऊक व्यापाऱ्याच्या हवाली केला नाही. बाजारात आपलाच माणूस बसवला. दालनांशी बोलणी, संग्रहालयांशी पत्रव्यवहार, प्रतिमा वापरण्याच्या परवानग्या हे सगळं संस्थेच्या नावानं होऊ लागलं.

पिटसिओलाक, केनोजुआक, कनांगिनाक

पिटसिओलाक आशूना विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जन्मली. तिचं निम्मं आयुष्य मुक्कामांवर गेलं. नवरा आशूना हा नामांकित शिकारी. तो वारला तेव्हा मुलं लहान होती, आणि शिकारी नसलेल्या घराचे हाल काय होतात ते तिनं भोगलं. वस्तीत आल्यावर तिनं आधी विकण्यासाठी कपडे शिवले. चित्रांना पैसे मिळतात हे कळल्यावर, पन्नाशी ओलांडलेली असताना, तिनं पेन्सिल हातात घेतली. पैशांसाठी सुरुवात केली हे ती मोकळेपणानं सांगायची. मला तिचा हा सरळपणा आवडतो. पोटासाठी काढलेलं चित्र कमी अस्सल, ही समजूत तिच्या कामापुढे टिकत नाही. पुढच्या वीसेक वर्षांत तिनं सात हजारांहून जास्त रेखाटनं केली: तंबू हलवणारी कुटुंबं, कुत्र्यांवर सामान लादलेला उन्हाळी प्रवास, पक्षी, कधी विचित्र गमतीदार प्राणी. १९७७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ कॅनडा हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. १९८३ मध्ये ती वारली.

तिच्या घरात हा व्यवसाय झाला. मुलगा कियुगाक नामवंत मूर्तिकार, मुलगी नापाची पुटुगुक चित्रकार, नाती अ‍ॅनी पुटुगुक आणि शुविनाई आशूना. एका घरात तीन पिढ्या, आणि कोणालाही शिकायला शहरात जावं लागलं नाही. आई काढते ते मुलगी बघते, कागद संस्थेतून मिळतो, चित्र घेऊन गेलं की कोणीतरी बसून नीट पाहतं. एवढीच शाळा.

केनोजुआक अशेवाकचा जन्म १९२७ चा. १९५२ मध्ये तिला क्षयाचं निदान झालं आणि क्विबेकच्या रुग्णालयात नेण्यात आलं. त्या काळात असंख्य इनुइट रुग्ण असे दक्षिणेला नेले गेले आणि कित्येकांना घरच्यांची खबरही मिळाली नाही. ती तीनेक वर्षांनी परतली. रुग्णालयात तिनं बाहुल्या आणि मण्यांचं काम केलं होतं. १९५९ च्या पहिल्या संग्रहात तिचं चित्र होतं, पुढच्या वर्षी 'मोहिनी घातलेलं घुबड' आलं. पिसारा सूर्यकिरणांसारखा फाकलेला तो पक्षी १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर छापला गेला. आधी १९६७ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा, १९७० मध्ये ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनासाठी नवरा जॉनीबोबरोबर केलेलं भित्तिकाम, २००८ मध्ये गव्हर्नर जनरलचा कलापुरस्कार. २०१३ च्या जानेवारीत ती गेली, आणि २०१७ मध्ये देशाच्या दीडशेव्या वर्षी काढलेल्या दहा डॉलरच्या नोटेवर तिचं घुबड झळकलं. एवढं होऊनही तिनं मुक्काम किंगाइतलाच ठेवला.

कनांगिनाकबद्दल मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण कला आणि धंदा या दोन्हींचा धागा त्याच्यात एकत्र दिसतो. १९३५ चा जन्म, मुक्कामाच्या पुढाऱ्याचा मुलगा. आधी ठसे कोरणारा आणि छापणारा, मग अध्यक्ष, मग चित्रकार. प्राणी आणि पक्षी तो इतक्या अचूकपणे काढायचा की शिकाऱ्याचा डोळा प्रत्येक रेषेत दिसतो. बाजाराला ती चित्रं हवी होती आणि त्यानं ती वर्षानुवर्षं दिली. अखेरच्या दशकात मात्र त्यानं मोठ्या कागदावर आपल्या समाजात झालेले बदल काढायला घेतले: गोऱ्या व्यापाऱ्याशी पहिली गाठ, यंत्रांचा शिरकाव, दारू, नवी घरं. चाळीस वर्षं संस्थेच्या ग्राहकांना हवं ते देऊन झाल्यावर स्वतःला सांगायचं ते सांगण्याची मोकळीक त्यानं मिळवली. २०१० मध्ये तो गेला. २०१७ मध्ये व्हेनिसच्या मुख्य प्रदर्शनात त्याची रेखाटनं लागली. तिथे निवडलेला तो पहिला इनुइट कलाकार.

जे जमलं नाही

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थेनं कापडावर छपाई करून पाहिली. पडदे, कपडे, घरसजावटीचं कापड. नक्षी सुरेख होती, पण धंदा चालला नाही आणि थोड्या वर्षांत बंद करावा लागला. ५० प्रतींची दुर्मीळता हे ज्या मालाचं बळ, त्याच्या शेजारी वारावर विकायचा माल उभा करणं, तेही एवढ्या लांबून, हे गणित जुळणं अवघड होतं. अर्धशतकानंतर टोरंटोच्या वस्त्रसंग्रहालयानं त्या कापडांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा लोकांना त्यांची ओळख झाली.

निवडीचा प्रश्न जास्त खोल. १९६१ पासून १९८९ पर्यंत दक्षिणेतल्या तज्ज्ञांची एक परिषद उत्तरेतल्या कार्यशाळांच्या चित्रांना मान्यता देत असे. दर्जा राखायला तिचा उपयोग झाला. पण 'अस्सल इनुइट' काय याची या मंडळींची कल्पना बहुतेक वेळा जुन्या दिवसांची होती: घुबडं, अस्वलं, इग्लू. पुड्लो पुड्लाटनं विमानं आणि हेलिकॉप्टरं काढली. ज्या गावात माणसं विमानानंच येतात तिथल्या चित्रकारानं ती काढावीत यात नवल काय? १९९० मध्ये ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनानं त्याचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, तोवर बराच काळ गेला होता. मालकी गावाची असली तरी चवीचा निर्णय लांब होत होता, हे या यशात विसरता कामा नये.

पैशांचंही एक दुखणं आहे. 'मोहिनी घातलेलं घुबड'ची एक प्रत २०१८ मध्ये लिलावात दोन लाख डॉलरच्या वर गेली. केनोजुआकच्या वारसांना किंवा संस्थेला त्या पुनर्विक्रीतून काही मिळावं अशी तरतूद तेव्हा कॅनडाच्या कायद्यात नव्हती, जरी युरोपातल्या अनेक देशांत ती आहे. रेखाटन लगेच विकत घेण्याची पद्धत चित्रकाराला आजचा आधार देते, पण उद्याची वाढ दुसऱ्याच्या खिशात जाते. कॅनडातल्या कलाकारांच्या संघटना पुनर्विक्रीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं मागणी करत आल्या, आणि किंगाइतइतकं ठसठशीत उदाहरण त्यांच्यापाशी दुसरं नाही.

आणि अ‍ॅनी पुटुगुक. १९६९ ची, पिटसिओलाकची नात. तिनं रंगीत पेन्सिलींनी आजचं किंगाइत काढलं: दूरदर्शन बघणारं कुटुंब, संस्थेच्या दुकानातली खरेदी, भिंतीवरचं घड्याळ, जमिनीवर पसरलेलं सीलचं मांस, आणि घरातली मारहाणही. आजीचा सरळपणा तिच्या रेषेत उतरला होता. २००६ मध्ये तिला सोबी कलापुरस्कार मिळाला, ५० हजार डॉलरचा, तोवरचा कोणत्याही इनुइट कलाकाराला न मिळालेला. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात ती होती. मग ती ओटावाला राहायला गेली. तिथे दिवस फार कठीण गेले, आणि २०१६ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. तिच्या आयुष्याचं एका कारणात स्पष्टीकरण देणं मला योग्य वाटत नाही. पण या अभ्यासापुरतं एक नोंदवायला हवं. गावातली व्यवस्था एखाद्या चित्रकाराला कागद, पैसा, नजर आणि नात्याची माणसं एका जागी देते. शहरात त्याच चित्रकाराला कीर्ती मिळते, पण बाकीचं स्वतः उभं करावं लागतं, तेही परक्या भाषेत आणि इनुइटांविषयीच्या पूर्वग्रहांना तोंड देत. लहान गावातली कारकीर्द शहरात तशीच्या तशी उचलून नेता येत नाही, आणि तिचं स्वागत करणाऱ्या कलाजगतानं याची तयारी केलेली नव्हती.

आता

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये गावात केनोजुआक सांस्कृतिक केंद्र आणि नवी छपाई कार्यशाळा उघडली. जुन्या इमारतींत दाटीवाटीनं चाललेलं काम प्रकाशमान जागेत आलं. शिवाय इमारतीत प्रदर्शनासाठी दालन आहे. त्याआधी जवळपास साठ वर्षं गावात निर्माण झालेलं काम विमानात चढून निघून जात होतं आणि गावकऱ्यांना ते लावलेलं बघायला जागाच नव्हती. आता शाळेतलं मूल आपल्या आजीचं चित्र भिंतीवर पाहू शकतं.

शुविनाई आशूना तिथेच काम करते. तिच्या कागदांवर पृथ्वीचे गोल, अष्टपाद, माणसाचे चेहरे असलेले प्राणी आणि गावातली घरं एकमेकांत मिसळलेली असतात. दक्षिणेतल्या परिषदेच्या काळात हे कितपत मान्य झालं असतं, शंका आहे. २०२२ मध्ये व्हेनिसमध्ये परीक्षकांनी तिच्या कामाची विशेष दखल घेतली. निंगिउकुलू टीव्ही, सैमायू अकेसुक, ऊलूसी साइला अशी पुढची नावं वार्षिक संग्रहांत दिसतात. मुद्राचित्राच्या बरोबरीनं आता मोठी मूळ रेखाटनंही विकली जातात आणि त्यांचे भाव चित्रकाराच्या नावानुसार बरेच वेगळे असतात. सगळ्यांचा माल एकाच छत्राखाली घेणाऱ्या संस्थेसाठी हा ताण नवा आहे.

दोन कामं राहिली आहेत असं मला वाटतं. पहिलं व्यवस्थापनाचं. छपाईचं कसब गावात मुरलं, संचालक मंडळ गावाचं आहे, पण कार्यशाळेची व्यवस्था आणि बाजाराशी बोलणी करणारी माणसं बहुतेक दक्षिणेतून येत राहिली. रायनसारखा चाळीस वर्षं थांबणारा माणूस दर पिढीला मिळणार नाही. तेव्हा टोरंटोच्या कार्यालयात बसून भाव ठरवणारा माणूस किंगाइतचा असणं ही सोयीचीही गोष्ट आहे आणि हक्काचीही. दुसरं काम क्लाइनबर्गमधल्या रेखाटनांचं. त्यांचं डिजिटल रूप होत आहे, ही चांगली गोष्ट. नव्या इमारतीत जागा, योग्य तापमान आणि शिकलेली माणसं यांची सोय जसजशी होईल, तसतसे त्यातले काही गठ्ठे परत आणून ज्यांच्या आई-आजींनी ते काढले त्यांच्या हातात द्यायला सुरुवात व्हावी.